शिकवणाऱ्याला कळू दे

अगं, सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, बाकीचं विसरलीस तरी चालेल. कुणी तुला काही शिकवलं, काही सुचवलं, तर त्याचं पुढे काय झालं ते त्याला जाऊन सांग. लागू पडलं तर सांग, नाही पडलं तरी सांग. 'थँक्यू सर' लिहून हात जोडलेलं चित्र पाठवलं की आपलं देणं फिटलं, असं समजू नकोस. ती चित्रं त्याच्या फोनमध्ये ढिगाने पडलेली असतात. आपण सांगितलेल्याचं काय झालं, हे मात्र त्याला सहसा कुणी कळवत नाही.

तुमच्या धाग्याच्या कारखान्यातल्या लॅबमधलंच घे. सॅम्पलसाठी धागा विणून नळी काढलीस, रंगवलीस आणि मधलाच एक पट्टा शेजारच्यांपेक्षा वेगळ्या छटेचा आला. नळीतला एकेक पट्टा म्हणजे मशिनवरची एकेक पोझिशन, एवढं तुला पहिल्या आठवड्यातच कळलेलं असणार. तू पोझिशनचा नंबर काढलास, मशिनपाशी गेलीस, हीटरचं तापमान बघितलंस, ते बरोबर. आता काय करायचं? तिथे एखादा जुना ऑपरेटर असतो. ओडिशाचा असेल, जौनपूरचा असेल, आपल्या तलासरीकडचा असेल. तो हातातलं काम न सोडता म्हणतो, "तापमान बरोबर आहे हो, पण धागा हीटरच्या खाचेत बसलाय का बघा." तू बघतेस. धागा खाचेतून वर आलेला असतो, त्याला पुरती आच लागतच नव्हती. तू पुन्हा थ्रेडिंग करून घेतेस आणि लॅबमध्ये निघून येतेस.

नवीन मुलं बहुतेक इथेच थांबतात. तू थांबू नकोस. दुसऱ्या दिवशी त्या पोझिशनची नळी पुन्हा विणून, रंगवून घे आणि तो तुकडा घेऊन त्याच्याकडे जा. "पट्टा गेला" एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. आणि समज, पट्टा गेला नाही, तर तेही सांग. कारण मग तो सहसा दुसरी गोष्ट सांगतो. "मग स्पिंडलखाली टॉर्च मारून बघा, पांढरी भुकटी पडलीय का." भुकटी पडते म्हणजे पीळ देणाऱ्या डिस्कवर धागा घासतोय. डिस्क झिजली असेल तर ती धाग्याला नीट धरत नाही, पीळ कमी बसतो, खालचा तणाव वाढतो आणि ते सगळं शेवटी रंगात उतरतं. ही दुसरी गोष्ट पुस्तकात असते, नाही असं नाही. पण पुस्तकात ती चाळीस कारणांच्या यादीत असते. आधी कुठलं कारण बघायचं, हे पुस्तक सांगत नाही. ते ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे तू निकाल घेऊन परत गेलीस, म्हणून ते तुला मिळालं. परत न जाणाऱ्याला फक्त पहिली गोष्ट मिळते.

आणखी एक. त्याच्याही ज्ञानाला यामुळे धार येते. तो वर्षानुवर्षं अंदाज सांगत असतो. त्यातला किती खरा ठरला, हे लॅबच्या नळीवर दिसतं, आणि लॅबमध्ये त्याला कोण येऊ देतं? त्याला त्याच्याच अंदाजाचा निकाल दाखवणं, यापरतं मोठं कौतुक मला तरी माहीत नाही.

सिल्वासात ही माणसं कशी जमली तेही जरा ध्यानात घे. इथे कारखाने आले ते कर-सवलतींच्या ओढीने. मसाट, रखोली, नरोली, दादरा, जिकडे बघावं तिकडे शेड उभ्या राहिल्या. मशिनं परदेशातून आली, मालक वापी-सुरत-मुंबईचे, माणसं देशभरातून. एवढ्या लोकांना शिकवायला इथे ना जुनी परंपरा होती, ना पुरेशी विद्यालयं. शेजारच्याने शेजारच्याला शिकवलं, तेही मोडक्यातोडक्या हिंदीत. शिफ्ट सांभाळायचा पगार सगळ्यांना मिळाला, शिकवायचा कुणाला मिळाला नाही. या गावाचा सगळा धंदा अशा फुकटात शिकवणाऱ्यांच्या जिवावर चालतो, असं माझं स्पष्ट मत आहे. कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात ते सापडणार नाही.

विचारायला जाण्याआधी तयारी करून जा. हेही कौतुकातच मोडतं, किंबहुना पहिलं कौतुक हेच. "धागा खराब येतोय, काय करू?" असं विचारणं म्हणजे त्याच्या डोक्यावर आपलं ओझं टाकणं. कुठल्या मशिनवर, कुठल्या पोझिशनला, किती डेनियर, पीओवायचा, म्हणजे कच्च्या धाग्याचा, लॉट बदलला होता का, आदल्या पाळीत काही दुरुस्ती झाली होती का, तू स्वतः काय करून बघितलंस, हे सगळं जमवून जा. शक्य असेल तर धाग्याचा कोन हातात घेऊन जा, फोटोवर भागवू नकोस. जुना माणूस कोन उजेडात फिरवतो, तळहात अलगद त्यावरून नेतो आणि तुटलेले तंतू त्याच्या हाताला आधी लागतात, डोळ्याला नंतर दिसतात. फोटोवरून हात कसा फिरवणार?

आणि वेळ बघून जा. डॉफिंग, म्हणजे भरलेले कोन उतरवणं, चालू असताना, पाळी बदलताना, साहेब फेरीवर असताना विचारू नये. चहाच्या सुट्टीत विचारावं, पण रोज नाही. त्यालाही कधीतरी नुसता चहा प्यायचा असतो.

आता नाव घेण्याबद्दल. शिकवणाऱ्याचं नाव घ्यावं, हे सगळेच सांगतात. मी म्हणतो, आधी त्याला विचार. तुला हे विचित्र वाटेल. पण कंत्राटी कामगाराचं नाव तू भर मीटिंगमध्ये घेतलंस, "हा दोष अमुक भाऊंनी पकडला" असं म्हणालीस, तर सगळे टाळ्याच वाजवतील असं नाही. कुणीतरी विचारेल, त्याला माहीत होतं तर इतके दिवस का नाही सांगितलं? कुणी म्हणेल, सुपरवायझरला सोडून तो लॅबशी परस्पर का बोलतो? तुझ्या एका वाक्याने त्याची पंचाईत व्हायची. म्हणून आधी विचार, "तुमचं नाव सांगू का?" तो "नको" म्हणाला तर नको. "सांगा" म्हणाला तर मात्र पुटपुटू नकोस. रिपोर्टमध्ये लिही, नावासकट, आडनावासकट. "ऑपरेटरच्या सूचनेनुसार" असं लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच. आणि जे त्याने सांगितलं ते 'माझ्या लक्षात आलं' असं कधीच म्हणू नकोस. शॉप फ्लोअरवर कुठली गोष्ट कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण पुढच्या वेळी तुला कुणी काही सांगत नाही.

नावांवरून आठवलं. 2 ऑगस्टला आपल्याकडे मुक्तिदिन असतो. 1954 साली त्या दिवशी सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. त्या लढ्यातली सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावं मराठी माणसाला माहीत असतात. लता मंगेशकरांनी त्या लढ्यासाठी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम करून पैसे उभे करून दिले, तेही पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण राजा वाकणकर आणि नाना काजरेकर आधीच इथे पुन्हा पुन्हा येऊन गेले होते. वाटा, नद्या, चौक्या बघून गेले, इथल्या लोकांशी बोलून गेले. त्यांनी ही जमीन समजून घेतली नसती तर पुढचे आले असते कसे? आणि त्यांना ज्या इथल्या लोकांनी वाटा दाखवल्या, त्यांची नावं तर कुणाच्याच भाषणात येत नाहीत. पुढे झालेल्याचं नाव राहतं, वाट दाखवणाऱ्याचं पुसतं. तू जेव्हा केव्हा एखादं काम जमल्याचं सांगशील, तेव्हा वाट दाखवणाऱ्यापासून सुरुवात कर.

याचं आपल्या शेजारचंच उदाहरण बघ. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक काढायच्या त्या सुवासिनी. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने. पुरुषांचं ते काम नव्हतं. जिव्यांची आई लहानपणीच गेली, त्यांनी बोलणं टाकलं आणि मातीत चित्रं काढत राहिले. पुढे सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार या भागात आला. याच माणसाला साठच्या दशकात बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकरांनी मधुबनीला पाठवलं होतं, तिथल्या बायकांना कागद देऊन भिंतीवरची चित्रं कागदावर उतरवून घ्यायला. इथेही त्याने कागद दिला, रंग दिला. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत जिव्यांची चित्रं लागली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले, तोवर वारली चित्रं बेडशीटपासून विमानतळाच्या भिंतीपर्यंत सगळीकडे पोचली होती.

मला यात भास्कर कुलकर्णींचं फार कौतुक वाटतं. तो माणूस स्वतः चित्रकार होता. आदिवासी चित्रांवरून प्रेरणा घेऊन स्वतःची प्रदर्शनं भरवणं त्याला काही अवघड नव्हतं. त्याने दुसऱ्याच्या हातात कागद दिला आणि स्वतः बाजूला झाला. 1983 मध्ये तो गेला. आज वारली छाप कुर्ता घालणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना त्याचं नाव सांगता येईल? पण त्याचं नाव निदान पुस्तकांत तरी आहे. ज्या सुवासिनींच्या भिंती बघून बघून ही रेघ जिव्यांच्या हातात आली, ज्या धवलेरी चौकापाशी बसून गात राहिल्या, त्यांची नावं कुठे आहेत? शिकवणारा नेहमी आपल्यापेक्षा मोठ्या खुर्चीत बसलेला असतो असं नाही, हे यातून घे. तुझ्या लॅबमध्ये नळ्या धुणारी खानवेलकडची ताई असेल, तर तिला रंगाची छटा तुझ्याआधी कळत असेल. तिला विचार. आणि विचारलंस तर ऐक.

भेटवस्तूंचं सांगतो. आपल्याकडे कौतुक म्हटलं की शाल आणि श्रीफळ. सिल्वासाच्या मे महिन्यात शाल घेऊन माणसाने काय करावं? माझ्या कपाटात आहेत, येऊन घेऊन जा. ज्याने तुला शिकवलं त्याचं कुठलं काम अडलंय, ते शोध. या भागात एक काम हमखास अडलेलं असतं, पीएफचं. कंत्राटी माणूस दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो, दर वेळी नवीन खातं निघतं. आधारवर नाव एक, कंपनीच्या कागदावर दुसरं, कुठे वडिलांचं नाव जोडलेलं, कुठे आडनावच गायब. पैसे काढायला गेलं की अर्ज परत येतो. शिवाय पीएफच्या योजनेतून पेन्शनचा हक्क मिळायला 10 वर्षांची नोकरी भरावी लागते. ती भरलेली असते, पण चार खात्यांत विखुरलेली. तू संगणकावर बसणारी मुलगी आहेस. एका रविवारी त्याच्याशेजारी बसून ती खाती एकत्र करायचा अर्ज भरून दे, नाव दुरुस्तीचा फॉर्म काढून दे. त्याने तुला हीटरची खाच दाखवली, तू त्याला पेन्शनची वाट दाखव. याला मी बरोबरीचा व्यवहार म्हणतो.

पण हे करताना त्याला उपकाराखाली आणू नकोस. "मी तुमच्यासाठी एवढं केलं" असा सूर एकदा लागला की आधीचं सगळं धुऊन निघतं.

पाया पडणं, 'गुरुवर्य' म्हणणं, त्याच्या प्रत्येक वाक्याला माना डोलावणं, हेही मला पटत नाही. चांगल्या शिकवणाऱ्याला हुजऱ्या नको असतो. इथे मला 'सत्यकथा' या मासिकाचं सांगावंसं वाटतं. कारखान्यातला माणूस मासिकांचं काय बोलतो म्हणून हसू नकोस, रात्रपाळी सरल्यावर आम्ही वाचनालयातच पडलेलो असायचो. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांची ख्याती अशी की नव्या लेखकाची कथा ते नुसती साभार परत करत नसत. कुठे काय अडतंय ते पत्रातून कळवत, पुन्हा लिहायला लावत, कधी पुन्हापुन्हा. त्या पत्रांवर कितीतरी लेखक घडले. ज्याच्याशी नातं नाही, ज्याच्याकडून मिळायचं काही नाही, अशा कुणा मुलाच्या हस्ताक्षरातली कथा वाचून त्याला पानभर लिहायचं, याला मोठं मन लागतं. आणि त्याच 'सत्यकथे'च्या अंकाची 1969 मध्ये तरुण लेखक राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी होळी केली. त्यांचं म्हणणं, यांच्या चौकटीत आमचं जगणंच बसत नाही. मला विचारशील तर दोन्ही खरं होतं. पत्रं लिहिणाऱ्यांचं औदार्य खरं, आणि त्यांच्या नजरेला काही दिसत नव्हतं, हेही खरं. शिकवणाऱ्याचा मान ठेवायचा म्हणजे त्याची चौकट डोक्यावर घ्यायची असं नाही. तुझा जुना ऑपरेटर म्हणेल, मुलींना रात्रपाळीला मशिनवर कशाला उभं करायचं. तिथे त्याचं ऐकू नकोस. धाग्याबद्दल म्हणेल तेव्हा ऐक. एकाच माणसाच्या दोन बोलण्यांना दोन वेगळ्या तागड्यांत टाकता आलं पाहिजे. वाद घालायचा तर त्याला बाजूला घेऊन घाल, चारचौघांत नको.

वहीचंही सांगून ठेवतो. जुन्या माणसांकडे एक वही असते, तेलकट, कोपरे दुमडलेली. कुठल्या डेनियरला कुठलं सेटिंग, कुठल्या लॉटने कधी त्रास दिला, सगळं त्यात असतं. ती त्याने दाखवली तर बघ, समजून घे. पण तो चहा आणायला गेला म्हणून पटकन फोटो काढायचे नाहीत. त्याची ती आयुष्यभराची कमाई आहे, शिवाय त्यातलं काही कंपनीचंही असतं. ते बाहेर गेलं तर जाब त्याला विचारला जाईल. त्याने स्वतःहून "उतरवून घ्या" म्हटलं तर हाताने उतरवून घे. हाताने लिहिताना प्रश्न पडतात, आणि तो समोर असेपर्यंत ते विचारून होतात.

पुढच्याला शिकवायला मोठी होण्याची वाट बघू नकोस. काल जे कळलं ते आज शेजारच्या मुलीला सांगता येतं. किंबहुना नुकतं शिकलेला माणूसच बरं शिकवतो, कारण आपण कुठे अडलो होतो हे त्याला अजून आठवत असतं. सांगताना मात्र म्हण, "हे मला अमक्यांनी दाखवलं." गायक सवाई गंधर्व 1952 मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी पुण्यात त्यांच्या नावाने महोत्सव सुरू केला. गुरूचं नाव लावलं आणि त्याच मांडवात नव्या गाणाऱ्यांना बसवलं. सत्तर वर्षं होऊन गेली, अजून चालू आहे. पुतळा उभारला असता तर एव्हाना कावळ्यांचा झाला असता. तुझ्या हातून महोत्सवच झाला पाहिजे असं नाही. नव्या मुलीला थ्रेडिंग दाखवताना एक नाव घेतलंस तरी झालं.

एक सावधपणाही हवा. सगळेच शिकवणारे उदार नसतात. काहींना शिष्य नको असतो, फुकटचा हरकाम्या हवा असतो. ओळखायचं कसं? उदार माणूस तू दुसऱ्या कुणाला विचारलंस तर रागावत नाही, उलट तोच म्हणतो, "हे मला नाही सांगता येणार, सिमेन्सवाला येतो त्याला विचारा." दुसरा मात्र रुसतो. जो रुसतो त्याच्याकडून काम शिकून घे, आभार मान आणि चार पावलं लांब राहा. मुलींनी तर विशेष. शिकवण्याच्या बदल्यात एकटीने भेटायला बोलावणारा कितीही मोठा तंत्रज्ञ असो, त्याच्याकडे जायचं नाही. लगेच घरी सांगायचं, मला सांगायचं. कंपनीत तक्रार समिती असते, तिथे सांगायचं. तिथे कसल्या कृतज्ञतेचा प्रश्नच येत नाही.

आता ते नरोलीकडे राहणारे काका, ज्यांनी तुला गेल्या महिन्यात दोन पाळ्या सोबत उभं राहून टेन्शन मीटर धरायला शिकवलं, त्यांना तू अजून काही कळवलेलं नाहीस ना? मग या आठवड्यात फोन कर. सकाळी नको, दुपारी तर नकोच, ते रात्रपाळीला आहेत, चार वाजेपर्यंत झोपतात. पाच-साडेपाचला कर. मराठी त्यांना कळतं, पण हिंदीत बोल, त्यांना मोकळं वाटतं. सुरुवात आभारापासून करू नकोस, नाहीतर ते "अरे ठीक है" म्हणून फोन ठेवतील. आधी आकडे सांग. आधी तणाव किती होता, डिस्क बदलल्यावर किती झाला, नळीवर पट्टा आला की गेला. मग ते विचारतीलच, किती नंबरची डिस्क लावली म्हणून. तेवढं आधी बघून ठेव.